‘ऑर्डर’चा अर्थ लावताना

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला अवघड शब्दांचा फारसा त्रास होत नाही. लांबलचक शास्त्रीय संज्ञेचा अर्थ एकदा फळ्यावर लिहून दिला की काम भागते. पंचाईत होते ती साध्या, रोजच्या शब्दांची. ‘ऑर्डर’ हा त्यांपैकीच एक. मराठी माणूस उपाहारगृहात चहाची ऑर्डर देतो, बदलीची ऑर्डर निघाली म्हणून हळहळतो, कारखान्याला मोठी ऑर्डर मिळाली म्हणून सुखावतो. इतक्या घरोब्याच्या शब्दासाठी कोश उघडावा असे कोणाच्याच मनात येत नाही. आणि घोटाळा होतो तो नेमका तिथेच.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘ऑर्डो’ म्हणजे ओळ, रांग. मागावरील धाग्यांच्या मांडणीशी त्याचे नाते व्युत्पत्तिकार जोडतात. फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आल्यावर तो प्रथम ख्रिस्ती मठवासीयांच्या संघांना आणि धर्माधिकाऱ्यांच्या श्रेणींना लावला जाऊ लागला. श्रेणीवरून क्रम, क्रमावरून व्यवस्था, आणि ती व्यवस्था टिकावी म्हणून वरच्याने खालच्याला जे बजावावयाचे ती आज्ञा, असा हा प्रवास आहे. दुकानदाराकडे नोंदविलेली मागणी हे त्या आज्ञेचेच सौम्य रूप. ‘ऑर्डिनरी’ आणि ‘ऑर्डिनन्स’ ही याच कुळातील भावंडे. साहेबाच्या दारात उभा राहणारा ‘अर्दली’ही ‘ऑर्डर्ली’वरूनच घडलेला. ही वाट विद्यार्थ्याला एकदा दाखवली तर अर्थांची यादी घोकण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे मात्र यादीच घोकून घेतली जाते, आणि परीक्षेत ‘इन ऑर्डर टू’चे भाषांतर ‘आदेशात’ असे करणारा विद्यार्थी हास्यास्पद ठरतो. त्याला कोणी वाट दाखवली होती काय, हे विचारले जात नाही.

इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते तिथे मराठीपाशी अनेक शब्द आहेत. गणितात चढता व उतरता क्रम, प्राण्यांच्या वर्गीकरणात गण, सभागृहात हरकतीचा मुद्दा, बंद पडलेले यंत्र नादुरुस्त, आणि ‘इन ऑर्डर टू’साठी तर नुसते ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय पुरते. ‘मनीऑर्डर’ मात्र निराळी. टपाल खात्याने १८८० मध्ये ही सेवा सुरू केली आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांच्या घामाचे पैसे कोकणातल्या घरी त्या मार्गाने पोहोचू लागले. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरचेच नाव पडले. असा शब्द परका राहत नाही, आणि त्याला हुसकून लावण्याचा खटाटोपही कोणी करू नये. तक्रार आहे ती आळसाने वापरल्या जाणाऱ्या ‘ऑर्डर’बद्दल, जो क्रम, मागणी, हुकूम, निकाल या सर्वांना एकाच पोत्यात भरतो.

कचेरीत व न्यायालयात हा आळस महाग पडतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत एक्कावन्न ‘ऑर्डर’ आहेत. वकील ‘ऑर्डर एकवीस’ म्हणतात तेव्हा त्यांना हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे प्रकरण अभिप्रेत असते. त्याच संहितेच्या दुसऱ्या कलमात ‘ऑर्डर’ म्हणजे दिवाणी न्यायालयाचा असा निर्णय, की जो हुकूमनामा नाही. एकाच ग्रंथात एकच शब्द प्रकरणही होतो आणि निर्णयही! हुकूमनाम्यावर सामान्यतः अपील चालते. आदेशांपैकी मात्र काही ठरावीक आदेशांवरच चालते. तेव्हा पक्षकाराला ‘कोर्टाची ऑर्डर झाली’ एवढेच सांगणाऱ्याने त्याला महत्त्वाचे काहीच सांगितलेले नसते.

परंतु या शब्दाने खरी कसोटी पाहिली ती राज्यघटनेच्या बाबतीत. १९५० मध्ये घटना अमलात आली तेव्हा भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याच्या कारणांत ‘पब्लिक ऑर्डर’चा उल्लेख नव्हता. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. राज्याची सुरक्षितता ही एक गोष्ट आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही तिच्याहून व्यापक अशी दुसरी गोष्ट, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हे दोन शब्द एकोणिसाव्या अनुच्छेदात घालण्यात आले.

मग १९६५ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांना पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. नियमात ‘पब्लिक ऑर्डर’ हे शब्द होते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशात ‘लॉ अँड ऑर्डर’ असे पडले. शब्दांचा हा कीस काढण्यात काय हशील, असे सरकारला वाटणे स्वाभाविक होते. सर्वोच्च न्यायालयाला तसे वाटले नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन समकेंद्री वर्तुळांची कल्पना मांडली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांच्या हाणामारीने पहिले वर्तुळ बिघडते. म्हणून दुसरे बिघडतेच असे नाही. स्थानबद्धतेचा आदेश टिकला नाही, लोहिया सुटले. एका ‘ऑर्डर’ने दुसरी ‘ऑर्डर’ रद्द केली, असे कोणी म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल.

महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यातही, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना विनाचौकशी अडकवून ठेवण्यासाठी, सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा हीच कसोटी आहे. त्या कायद्याखालील आदेश मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांत प्रश्न पुन्हा या दोन वर्तुळांचाच होता. येथे मराठीचीही अडचण आहे. ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणजे ‘कायदा व सुव्यवस्था’ आणि ‘पब्लिक ऑर्डर’ म्हणजे ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. शेवटचा शब्द दोहोंकडे एकच. गण, क्रम, आदेश असे फरक करणारी आपली भाषा इथे इंग्रजीच्याच वाटेने गेली आहे. त्यामुळे ‘सार्वजनिक’ हे विशेषण शोभेचे समजून गाळणारा किंवा सवयीने ‘कायदा व’ अशी भर घालणारा लिपिक अजाणता एका वर्तुळातून दुसऱ्यात जातो.

आणि मराठी मसुदा करणाऱ्याला हे काम टाळताही येत नाही. महाराष्ट्रातील एका स्थानबद्ध इसमाला आदेश व त्याची कारणे केवळ इंग्रजीत दिली होती; पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून सांगितली होती. इसमाने हिंदी प्रत मागितली, ती नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्याची सुटका केली आणि कारणे स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत मिळालीच पाहिजेत असे ठरविले. मराठीच जाणणाऱ्या माणसाच्या हातात जो कागद पडतो, त्यावर ‘ऑर्डर’ला कोणता प्रतिशब्द योजावयाचा हे जिल्हा कचेरीतल्या एखाद्या टेबलावर ठरत असते, बहुधा संध्याकाळी, साहेबांची सही व्हावयाची असताना.