'रोग आढळला नाही' म्हणजे काय?

सामन आणि ट्राउट या थंड पाण्यातील माशांना होणाऱ्या जंतुजन्य मूत्रपिंडरोगाचे निदान हा केवळ प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचा विषय आहे, अशी समजूत असल्यास ती सोडून दिली पाहिजे. एका तळ्यातील मासे वा अंडी दुसरीकडे पाठविण्याची मुभा ज्या दाखल्यावर मिळते, त्या दाखल्याची किंमत काय, हा खरा प्रश्न आहे. तो व्यापाराचा आणि कायद्याचा आहे, तसाच ज्या नद्यांत हे मासे सोडले जातात त्या नद्यांचाही आहे.

रोग जुनाच आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधील डी आणि स्पे या नद्यांतील सामन माशांत त्याची नोंद झाली. त्याच दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्येही तो दिसला. परंतु जंतूला 'रेनिबॅक्टेरियम सामोनिनारम' हे नाव मिळावयास १९८० साल उजाडावे लागले. या विलंबाचे एक कारण जंतूच्या स्वभावातच आहे. इतर अनेक जंतू पोषक माध्यमावर एकदोन दिवसांत वाढतात. हा मात्र सिस्टीन मुद्दाम मिसळलेल्या माध्यमावर, १५ अंश सेल्सियसच्या आसपास, आठवडेच्या आठवडे घेतो. कधी तीन महिने वाट पाहावी लागते, आणि त्या अवधीत दुसरेच चपळ जंतू ती काचबशी व्यापून टाकतात. अहवाल हाती येईतो मासे विकले गेलेले असतात आणि अंडी दुसऱ्या खोऱ्यात पोचलेली असतात.

डोळ्यांवर विसंबावे, तर तेही फसवे. सुजलेल्या मूत्रपिंडावरील करड्या-पांढऱ्या गाठी हे रोग मुरल्यानंतरचे दृश्य होय. पेशींच्या आत दडून राहणारा हा जंतू बाळगणारे कितीतरी मासे दिसावयास धडधाकट असतात.

आता जलद पद्धती आल्या आहेत. एलायझा ही चाचणी जंतूने सोडलेले पी-५७ नावाचे प्रथिन शोधते, पीसीआर त्याचे आनुवंशिक द्रव्य शोधते. परंतु सापडलेला अंश जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे यांपैकी एकही चाचणी सांगत नाही. उलट अल्पस्वल्प लागण असलेला मासा दोहोंतूनही निसटू शकतो. एक चाचणी 'होय' म्हणते, दुसरी 'नाही' म्हणते, आणि अधिकारी वैतागतात. वस्तुतः दोष चाचण्यांचा नाही. हा मासा आजारी आहे काय, आणि हा संपूर्ण साठा निर्मळ आहे काय, हे दोन भिन्न प्रश्न आपण एकाच कागदाला विचारतो. साधे गणित पाहा. शंभरांत पाच मासे बाधित असतील, तर निदान एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी म्हणून साठ मासे तपासावे लागतात. शंभरांत दोनच असतील, तर दीडशे. तेही चाचणी कधीच चुकत नाही असे धरून! त्यातून मूत्रपिंडाचा नमुना घ्यावयाचा म्हणजे मासा मारणे आलेच.

या कोंडीतून एक वाट अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील मत्स्यबीज केंद्रांनी दाखविली. हा जंतू अंड्याच्या आत शिरतो. अंडी आयोडीनयुक्त द्रवात कितीही धुतली तरी आतला जंतू मरत नाही. तेव्हा तपासावयाची ती आई. चिनूक सामनची मादी अंडी दिल्यावर तशीही मरते. तिच्या मूत्रपिंडाची एलायझा चाचणी करावयाची आणि निकाल येईपर्यंत प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवावयाची. अधिक लागण दिसलेल्या मादीची अंडी नष्ट करावयाची किंवा निराळी वाढवावयाची. येथे धर्मसंकट उभे राहते. स्नेक नदीतील वसंत-ग्रीष्मातील चिनूक १९९२ साली संकटग्रस्त ठरविला गेला. अशा माशाची अंडी फेकून द्यावयाची काय? शिवाय अशा निवडीने वंशातील प्रतिकारशक्तीवरच विपरीत परिणाम होईल, अशीही शंका घेतली गेली आहे. माझ्या मते मासा विपुल असेल तेथे अंडी नष्ट करावीत. विरळ असेल तेथे खर्च सोसूनही ती वेगळी वाढवावीत. ट्राउटची मादी मात्र वर्षानुवर्षे अंडी देते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा उपाय इतका स्वस्त नाही.

एरिथ्रोमायसिनने रोग दबतो, निर्मूळ होत नाही. ब्रिटनमध्ये या रोगाची वर्दी देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु वर्दी देणाऱ्याच्या वाट्याला केवळ वाहतूकबंदी येणार असेल, तर शहाणा मालक नमुना पाठविण्याचेच टाळील. निदान हवे असेल, तर त्याचा खर्च आणि नुकसानीचा काही भाग सरकारांनी उचलला पाहिजे.

काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातही ट्राउटची शेती आहे, आणि तिच्यासाठी परदेशांतून अंडी आणली गेली आहेत. अशा खोक्यासोबतच्या कागदावर 'रोग आढळला नाही' एवढे वाक्य पुरेसे मानू नये. किती मासे तपासले, कोणता अवयव घेतला, कोणती पद्धत वापरली आणि माध्यमावर किती आठवडे वाट पाहिली, हे त्यावर लिहिलेले नसेल, तर खोके उघडण्यापूर्वी ते विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला असला पाहिजे.