बाग कुणाची? फायलीची की लोकांची?

मुंबईच्या मलबार हिलवरील हँगिंग गार्डनचा वाद आपल्या गोव्यात फारसा कुणी मनावर घेतला नाही. घ्यायला हवा होता. आज ना उद्या हीच पाळी पणजी, मडगाव, म्हापशावर येणार आहे.

ही बाग १८८१ ची. कागदोपत्री नाव फिरोजशहा मेहता उद्यान. हिरवळीखाली पाण्याची अवाढव्य टाकी आहे आणि तिचे पाणी कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोडपर्यंत जाते. टाकी ब्रिटिशांच्या काळातली, म्हणून ती पाडून मोठी बांधायची, असे महापालिकेने ठरवले. खर्च जवळपास सातशे कोटी. बाग काही वर्षे बंद राहणार. २०२३ साली ३८९ झाडांवर टाच येणार असल्याची नोटीस लागली तेव्हा कुठे बहुतेक रहिवाशांना या प्रकरणाचा पत्ता लागला!

मग लोकांनी साधा प्रश्न विचारला. टाकी खरोखरच मोडकळीला आली आहे का? ओरड वाढली तेव्हा पालकमंत्री दीपक केसरकर (आपल्या शेजारच्या सावंतवाडीचे) यांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि नागरिकांमधले जाणकार टाकीचे कप्पे रिकामे करवून डिसेंबर २०२३ मध्ये आत उतरले. त्यांच्यात एकमत झाले नाही. प्राध्यापकांचे म्हणणे, आधी जादा टाकी बांधा, मग दुरुस्ती करा. बाकीचे म्हणाले, पाडायची गरजच नाही, डागडुजी पुरे. शेवटी २०२४ मध्ये पालिकेने पाडकामाचा बेत सोडला आणि दुरुस्तीचा रस्ता धरला.

म्हणजे टाकीत उतरून पाहण्याचे काम, जे सर्वांत आधी व्हायचे, ते लोक रस्त्यावर आल्यावर झाले. माझा राग यावर आहे.

"हरकती मागवल्या होत्या की!" असे साहेबलोक म्हणतील. मी स्वतः सरकारी कारकून आहे. फाईल कशी चालते ते मला कुणी शिकवू नये. हरकतींची नोटीस निघते तोवर आराखडा आणि अंदाजपत्रक तयार असते, टेंडरची भाषा सुरू झालेली असते. त्यानंतर आलेली हरकत ही फाईलला लावलेली आणखी एक पुरवणी, दुसरे काय? शिवाय मुंबईत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचे राज्य होते. लोकांनी गाऱ्हाणे घालायचे तरी कुणापुढे?

दुसरा आक्षेप जरा जड आहे. हे श्रीमंतांचे चोचले, लाखो लोकांच्या पाण्यापुढे चार झाडांचे काय, असे काहींचे म्हणणे. पाणी महत्त्वाचे आहेच. जुनी टाकी आपोआप चांगली ठरते असेही नाही. पण श्रीमंताने विचारला म्हणून खरा प्रश्न खोटा होत नाही. खरी खंत वेगळी आहे. मलबार हिलकडे वास्तुविशारद होते, अभियंते होते, मंत्र्याच्या दारापर्यंत पोच होती. ज्या वाड्यावर यातले काहीच नाही, त्याच्या बागेचे काय? तिथे एका रात्रीत पत्रे ठोकले जातात आणि सहा महिन्यांनी फरशा, कारंजे आणि उद्घाटनाची कोनशिला उगवते. सावली मात्र गेलेली असते.

पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. या वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याचे नाव मिरवणाऱ्या शहरात झाड म्हणजे 'अडथळा' ठरावे, यासारखा विनोद नाही.

आपल्याकडे १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. पण कायदा झाडापाशी पोचतो, बागेच्या आराखड्यापाशी नाही. म्हणून मागणी सोपी आहे. सार्वजनिक बागेला हात लावण्यापूर्वी, टेंडर काढण्यापूर्वी, आराखडा त्याच बागेच्या फाटकावर मराठी-कोंकणीत लावा. तज्ज्ञांचा अहवाल सोबत लावा. रोज तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि खेळणाऱ्या पोरांच्या आयांना बोलवा, आणि त्यांचे म्हणणे ऐकून झाल्यावरच पुढची सही करा.

२००७ च्या जानेवारीत गोंयकारांनी अख्खा प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यायला लावला होता. ज्यांनी ते केले त्यांना एका बागेचा हिशेब मागणे जड जाऊ नये. मात्र तो पत्रे ठोकण्याआधी मागावा लागतो.