इंजिनात पाणी, खिशात खडखडाट

समुद्रात बुडालेले डिझेल इंजिन पाण्याखाली असते तोवर त्याचे फारसे बिघडत नाही. वर काढले, की बिघडायला लागते. शहरातल्या वाचकाला हे उलटे वाटेल. पण गंज झपाट्याने चढायला पाणी, मीठ आणि हवा तिन्ही लागतात आणि तिसरी वस्तू आपण ते वर काढून पुरवतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते. सिलिंडरच्या भिंतीवर ते वाळायला लागले की एका रात्रीत तांबूस पूड दिसते. म्हणून लगेच खोलायला सवड नसेल तर जाणता मिस्त्री छोटे आऊटबोर्ड चक्क गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतो. मोठ्या नौकेचे सहा सिलिंडरचे धूड पिंपात कुठून मावणार? त्याला त्याच दिवशी पाने लावावे लागतात.

अशा वेळी सर्वांत महाग पडणारे वाक्य म्हणजे, ‘एकदा स्टार्ट करून तर बघू.’ हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काही हजारांच्या कामाचे लाखावर जाते. आधी नोझल काढायचे, फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी बाहेर घालवायचे, गोड्या पाण्याने आणि मग डिझेलने धुवायचे. नवे ऑइल भरून थोडा वेळ चालवायचे, ते काढून पुन्हा नवे भरायचे. डिपस्टिकवर दूध दिसेनासे होईपर्यंत हे चालते.

हे ‘दूध’ म्हणजे ऑइल आणि पाणी घुसळले जाऊन झालेले मिश्रण; रंग थेट टपरीवरच्या चहाचा. ते दिसले म्हणजे नौका बुडाली होती असे मात्र नाही. हेड गॅस्केट गेले असेल, ऑइल कूलरची नळी आतून सडली असेल, एक्झॉस्टमधून लाटेचे पाणी मागे आले असेल. टाकीतल्या गोड्या पाण्याला खारेपणा आला असेल तर हीट एक्स्चेंजर फुटला आहे. पाणी कुठून आले हे कळल्याशिवाय नुसते ऑइल बदलत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणे.

आणि इथेच मिस्त्रीचे काम संपून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याचे सुरू होते. पाणी कुठून आले यावरच पैसे कोण देणार हे ठरते. 1963 च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे नेहमीच्या वापराने होणारी झीज विमा कंपनीच्या डोक्यावर येत नाही. यंत्राची जी हानी सागरी संकटामुळे झालेली नाही, तीही नाही. वादळाने नौका बुडाली तर दावा उभा राहतो, सडलेल्या नळीने पाणी घेतले तर बहुधा नाही. सर्व्हेअरची नजर नेमकी त्या नळीवर असते.

पेच असा, की सर्व्हेअर येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका असे मालकाला सांगितले जाते, आणि तो येईपर्यंत इंजिन गंजून जाते. त्याच कायद्यात नुकसान टाळण्याचा किंवा कमी करण्याचा वाजवी प्रयत्न करणे हे विमा उतरवणाऱ्याचे कर्तव्य मानले आहे, हे किती बंदरांवर ठाऊक असेल?

आता कर्ज. नव्या नौकेच्या प्रकरणाला शाखेत खुर्ची मिळते, दुरुस्तीच्या प्रकरणाला ‘उद्या या’. कारण साधे आहे. दुरुस्त झालेल्या इंजिनाची किंमत कागदावर वाढत नाही. 2018-19 च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देण्याची घोषणा झाली. ते चांगलेच झाले. पण त्याचा भर डिझेल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चावर. क्रँकशाफ्टचे काय?

म्हणून मालक व्यापाऱ्याकडे जातो. समजा, त्याने 1 लाख रुपये महिना 3 टक्क्यांनी घेतले. सहा महिन्यांत 18 हजार व्याज. तेच बँकेचे 12 टक्क्यांनी 6 हजार. व्याजावर भागले तरी बरे! मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याच्या दराने द्यावी लागते. किलोला 10 रुपये कमी मिळाले तर 5 टन मासळीवर 50 हजार गेले. ते कुठल्याही वहीत व्याज म्हणून लिहिले जात नाहीत.

त्यात आमचे पंचांग वेगळे. 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, मासेमारी बंद. त्याला जोडून महिनाभर इंजिन खोललेले राहिले तर हप्ता 90 दिवसांपलीकडे थकतो आणि खाते अनुत्पादक ठरते. माणूस बुडवा नसतो, नौका ओढून ठेवलेली असते. किनाऱ्यावरच्या शाखांनी नौकेच्या कर्जाबरोबरच दुरुस्तीची एक लहान मर्यादा आधीच मंजूर करून ठेवावी, एका दिवसात उचलता येईल अशी. नोकरीत असताना मी हेच म्हणत होतो. आता सही करायचा अधिकार नाही, एवढाच फरक.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात रत्नागिरीजवळच्या खाडीत नांगरलेली माझ्या ओळखीच्या एका तांडेलाची नौका बसली. त्याने इंजिनाचे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले, विमा कंपनीला त्याच दुपारी कळवले, मिस्त्रीकडून वहीच्या पानावर लिहून घेतले आणि संध्याकाळी इंजिन खोलले. काढलेला प्रत्येक भाग गोणीत भरून ठेवला. पाचव्या दिवशी आलेले सर्व्हेअरसाहेब आधी कुरकुरले, मग गोणी उपसून बघत बसले. क्रँकशाफ्ट वाचला होता. लाइनर, रिंगा, बेअरिंगा आणि स्टार्टर गेला होता. जुन्या भागांची घट कापून काही रक्कम मिळाली, तीही दिवाळीनंतर. मिस्त्री तितका थांबणार नव्हता. तांडेलाच्या बायकोने बँकेत पाटल्या ठेवल्या. ते कर्ज तासाभरात झाले. नारळी पौर्णिमेनंतर नौका बाहेर पडली. पाटल्या दुसऱ्या हंगामात सुटल्या.