फेकायचा कॅमेरा आणि न मागितलेली निगेटिव्ह

शहरांतल्या लग्नांत एक नवी हौस आली आहे. टेबलाटेबलावर पुठ्ठ्याच्या वेष्टनातले छोटे फिल्म कॅमेरे मांडून ठेवायचे. पाहुण्याने उचलावा, चाक फिरवावे, बटण दाबावे आणि शेजाऱ्याच्या हाती द्यावा. कॉलेजची मुले सहलीला निघताना हाच कॅमेरा पिशवीत टाकतात. या हौसेला माझा विरोध नाही. ज्या पिढीने रोल धुवून येण्याची वाट कधी पाहिली नाही, तिला त्या वाट पाहण्याची गोडी लागली असेल तर चांगलेच आहे. माझा विरोध या कॅमेऱ्याला चिकटलेल्या ‘डिस्पोजेबल’ या शब्दाला आहे. तो शब्द खोटा आहे, आणि त्या खोट्याची किंमत आपण आपल्या आठवणींनी मोजतो आहोत.

या डबीत असते काय ते आधी पाहू. प्लास्टिकचे भिंग, एका ठरलेल्या वेगाने उघडझाप करणारे शटर, फ्लॅशचे सर्किट, एक बॅटरी आणि ३५ मिलिमीटरचा साधा रोल. यांतली कोणती वस्तू सत्तावीस फोटोंनंतर निकामी होते? एकही नाही. संपतो तो फक्त रोल. भिंग तसेच राहते, शटर तसेच राहते, फ्लॅश तसाच राहतो. म्हणजे वस्तू टाकाऊ नसते, तिला टाकाऊ ठरवले जाते.

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो धुतले जात, नवा रोल भरला जाई आणि कॅमेरा मालकाकडे परत येई. जवळपास शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, जपानच्या फुजीने ‘उत्सुरुन्देसु’ बाजारात आणला. फुजीने त्याला कॅमेरा म्हटलेच नाही, ‘भिंग लावलेली फिल्म’ म्हटले. पुढच्याच वर्षी कोडॅकने आपल्या कॅमेऱ्याचे नाव ठेवले ‘फ्लिंग’, म्हणजे भिरकावणे. कचऱ्यावरून टीका झाली, नाव बदलले, रिकाम्या डब्या लॅबकडून परत घ्यायची व्यवस्थाही उभी राहिली. पण एक फरक कायमचा पडला. ईस्टमनच्या काळात कॅमेरा मालकाकडे परत येत असे, आता येत नाही.

दुसऱ्या कुणी त्याच रिकाम्या डब्यांत नवे रोल भरून विकायला सुरुवात केली तेव्हा काय झाले? १९९८ मध्ये फुजीने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे पेटंटभंगाची तक्रार नेली. जाझ फोटो या कंपनीचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितले की, अमेरिकेत एकदा विकल्या गेलेल्या अशा कॅमेऱ्यात नवा रोल भरणे ही दुरुस्तीच आहे, पेटंटभंग नव्हे. वस्तू खरोखर फेकण्याच्या लायकीची असती, तर तिच्या रिकाम्या डबीवरून इतकी वर्षे वकील भांडले असते का?

पण माझी मोठी तक्रार डबीबद्दल नाही. ‘वापरा आणि फेका’ या सवयीत आपण डबीसोबत आणखी एक गोष्ट सोडून येतो, ती म्हणजे निगेटिव्ह.

आज रोल धुवायला दिला की पाच-सहा दिवसांनी मोबाइलवर एक लिंक येते. आपण ती उघडतो, फोटो उतरवून घेतो, दोन-चार स्टेटसला लावतो. काम झाले. निगेटिव्ह कुठे आहे, हे विचारायचे सुचतही नाही. अनेक लॅबमध्ये ती परत हवी असेल तर आधी सांगावे लागते, कधी वेगळे पैसेही मोजावे लागतात. कुणी न्यायला आले नाही, तर काही काळाने ती कचऱ्यात जाते. मग आपल्याकडे उरते काय? मोबाइलमधल्या हजारो फोटोंत मिसळून गेलेल्या आणखी सत्तावीस फाइली. एवढ्यासाठीच सारा खटाटोप होता, तर फोनवर जुन्या रंगाचा फिल्टर लावला असता तरी भागले असते.

फिल्मवर काढलेल्या फोटोची मूळ प्रत निगेटिव्हच असते. मोबाइलवर आली ती तिची नक्कल, तीही लॅबच्या यंत्रावर त्या दिवशी जशी निघाली तशी. निगेटिव्ह जपली असेल तर वीस वर्षांनी अधिक चांगले स्कॅन करता येते, मोठी प्रिंट काढता येते. फोन हरवला, पासवर्ड विसरला, लिंकची मुदत संपली, तरी ती प्लास्टिकच्या पाकिटात शांत पडून असते. आपल्या जुन्या घरांत पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्ड आणि जमिनीच्या कागदांशेजारी या नारिंगी पट्ट्या ठेवलेल्या असत. दादा-दादींना तंत्र ठाऊक नव्हते, पण फोटो फाटला तर पुन्हा कशावरून निघेल हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता त्या लग्नाच्या टेबलाकडे परत येऊ, कारण इथे प्रश्न केवळ आठवणींचा राहत नाही. हे कॅमेरे ठेवणारे यजमान अनेकदा म्हणतात, ‘मोबाइल नकोत, फोटो कुठेकुठे फिरतात. हा कॅमेरा बरा.’ आपल्याकडच्या शादीत जनाना बाजूला हे कारण लगेच पटते. मोबाइल दिसला की पदर सावरणाऱ्या बायका या खेळण्यासारख्या डबीपुढे मोकळ्या होतात. पण बटण दाबल्यानंतर त्या फोटोचा प्रवास कसा होतो? कुरिअरवाला, लॅबचा काउंटर, स्कॅनिंगच्या यंत्रासमोर बसलेला एक अनोळखी माणूस, त्याचा संगणक आणि शेवटी एक लिंक, जी मिळालेला कुणीही पुढे पाठवू शकतो. जो फोटो घरातल्या मोबाइलमध्ये नको होता, तो परक्या संगणकात किती दिवस राहणार, हे कुणी विचारले का? आणि ज्यांचे फोटो निघाले, त्या बायकांना कुणी विचारले का? त्यांच्या वतीने ‘हा कॅमेरा बरा’ असे ठरवले कुणी?

लॅबवाल्याला चोर ठरवायचा माझा हेतू नाही. मोबाइलच्या लाटेत बहुतेकांनी दुकाने बदलली, तेव्हा ज्यांनी रसायने आणि यंत्रे जपली, त्यांच्यामुळेच ही हौस आज शक्य आहे. रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत पहिल्या रसायनाचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस लागते आणि वेळ सव्वातीन मिनिटे. तिथे हयगय झाली की रोल गेला. हे काम जबाबदारीचे आहे. म्हणूनच मी म्हणतो, रोल ही अमानत आहे. अमानत ठेवणाऱ्याने ती परत मागायची असते आणि सांभाळणाऱ्याने न मागता परत करायची असते. आपण मागणेच सोडले, तर दोष एकट्या लॅबचा कसा?

‘अहो, जरा मजा करायची तर एवढा विचार कशाला?’ असे काही जण म्हणतील. मजा जरूर करा. पण मजेचाही हिशोब असतो. कॅमेरा, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर यांची बेरीज करून सत्तावीसने भागा, मग एका खटक्याची किंमत कळेल. एवढे पैसे मोजून मूळ प्रत सोडून येणाऱ्याला आपल्या आजीने काय म्हटले असते, ते लिहायची गरज नाही.

तेव्हा निवड कॅमेऱ्यापासून नको, लॅबपासून सुरू करा. आधी तीन प्रश्न विचारा: निगेटिव्ह परत मिळेल का? स्कॅन किती दिवसांनी पुसता? वापरलेल्या डबीचे आणि रसायनाचे काय करता? वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, ते गटारात ओतायचे पाणी नव्हे. उत्तरे नीट मिळाली, की मगच कॅमेरा घ्या.

तो घेतानाही वेष्टन वाचा. हॉलमध्ये किंवा रात्री वापरायचा तर फ्लॅशवालाच हवा, आणि फ्लॅशचा उजेड तीन-साडेतीन मीटरपलीकडे पोचत नाही. शेवटच्या रांगेतून स्टेजचा फोटो काढाल तर अंधार मिळेल. पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यांना सहसा फ्लॅश नसतो, ते उन्हातले सोबती. कृष्णधवल घेणार असाल तर इल्फर्डचा एक्सपी२ रंगीत रोलच्याच रसायनात धुतला जातो, एचपी५ ला मात्र वेगळी प्रक्रिया लागते, तेव्हा लॅबला आधी विचारा. विमानप्रवासात तो चेक-इन बॅगेत टाकू नका, आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनर यंत्रांनी फिल्म खराब होते. आणि डबी घरी फोडू नका, फ्लॅशच्या सर्किटमध्ये साठलेली वीज जबर झटका देते.

याहून सोपा मार्गही आहे. रोल बदलता येणारे साधे प्लास्टिकचे कॅमेरे आज मिळतात. भिंग तितकेच साधे, मजा तितकीच, फक्त रोल संपल्यावर कॅमेरा तुमच्याकडेच राहतो. घरातल्या कपाटात काका-मामांचा जुना कॅमेरा पडला असेल तर तोही एकदा दाखवून आणा. सेल बदलून चालू होणाऱ्या वस्तू आपण फार लवकर मेल्या समजतो.

टेबलावर कॅमेरे मांडायचेच असतील तर खुशाल मांडा. पण शेजारी एक चिठ्ठीही ठेवा: रोल कुठे जाणार, फोटो कुणाला मिळणार, आणि ज्यांना नको त्यांनी निःसंकोच सांगावे. आणि लग्नाच्या गडबडीतून मोकळे झालात, की लॅबमध्ये जाऊन ती नारिंगी पट्टी हक्काने मागून आणा.