सौदा कुणाशी, किंमत कुणाची?

मुलाच्या दप्तरात पेटलेल्या कवटीचा हिरो सापडतो. मोबाइलवर काळ्या झग्यातला जादूगार, रक्त पिणारा सरदार, नरकातून परत आलेला शिपाई दिसतो. अशा वेळी आपल्या घरांत साधारण दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर अब्बा पुस्तक हिसकावून घेतात आणि मोबाइल कपाटात जातो. नाही तर अम्मी म्हणते, ‘जाऊ द्या, चित्रांचीच तर गोष्ट आहे.’ पालकसभेत हा विषय निघाला की मला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. या महिन्यात याच गोष्टींविषयी बोलू. त्यांतली एक तर थेट आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

सुपरहिरोच्या कॉमिक्समध्ये सैतान, भुते, करणी, शापित ताकद असे सगळे आले की त्यांना डार्क फँटसी म्हणतात. त्यांची धास्ती फक्त आपल्यालाच वाटते असे नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःसाठी कडक नियमावली केली. व्हॅम्पायर, चालते मुडदे, माणसाचा लांडगा होणे, सारे बंद. अंकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा चालेना. १९७१ मध्ये नियम सैल झाले आणि पुढच्याच वर्षी ड्रॅक्युला आणि घोस्ट रायडर दुकानांत आले. मधल्या सतरा वर्षांत मुलांची ओढ काही संपली नव्हती.

आणि ही ओढ आपल्याला परकी आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले. जादूगारांचा बादशाह अफ्रासियाब, त्याची मायानगरी, कधीही न भरणारी झंबील खांद्यावर टाकून फिरणारा अमर अय्यार. उर्दू वाचणाऱ्या घरांत आजी-आजोबांनी या दास्तानी चवीने ऐकल्या आहेत. त्यांत अंधार कमी नाही, रक्तही कमी नाही. पण दास्तान एक रेघ कधी पुसत नाही. जादू शत्रूची असते. अमीर हमजा जादू शिकत नाही, विकत घेत नाही. त्याच्याकडे इस्म-ए-आजम असतो आणि त्याने जादू उतरते. तिलिस्म कितीही मोठा असला तरी तो तुटण्याची वेळ आधीच ठरलेली असते. ऐकणाऱ्या मुलाला भीती वाटते, मजा येते आणि कोणत्या बाजूला उभे राहायचे हेही कळते.

अमेरिकन कॉमिक्समध्ये हीच रेघ अनेकदा हिरोच ओलांडतो. १९७२ मधला घोस्ट रायडर घ्या. जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलचे खेळ करणारा तरुण. ज्याने त्याला मुलासारखे वाढवले त्या माणसाला कॅन्सर झाला आहे. जॉनी सैतानाशी करार करतो: त्याला कॅन्सरने मरू देऊ नकोस. सैतान शब्द पाळतो. कॅन्सर बरा होतो आणि तो माणूस एका उडीच्या खेळात मरतो. १९९२ मध्ये आलेल्या ‘स्पॉन’मध्ये मेलेला शिपाई बायकोला पुन्हा पाहता यावे म्हणून सौदा करतो. तो परत येतो खरा, पण मधे पाच वर्षे गेलेली असतात. बायकोने त्याच्याच मित्राशी संसार थाटलेला असतो आणि तिला एक मुलगीही असते. दोन्ही ठिकाणी शब्द पाळला गेला आणि माणूस फसला. सूरह निसाच्या १२० व्या आयतीत सैतानाच्या वायद्यांना धोका म्हटले आहे. ज्यांनी ही कॉमिक्स लिहिली त्यांना ही आयत माहीत असेल-नसेल, गोष्ट मात्र तेच सांगते.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येते. हिरो आहे आपल्या मुलांचा सर्वांत लाडका, स्पायडर-मॅन.

पीटर पार्करचे आणि मेरी जेनचे लग्न १९८७ मध्ये झाले. वीस वर्षे वाचकांनी हा संसार पाहिला. २००७ मध्ये ‘वन मोअर डे’ ही चार भागांची गोष्ट आली. पीटरने आपला चेहरा जगासमोर उघड केलेला आहे, शत्रू टपलेले आहेत. त्याच्यासाठी झाडलेली गोळी त्याच्या चाचीला, आंट मेला लागते. याच बाईने पोरक्या पीटरला वाढवले आहे. डॉक्टर हात टेकतात. पीटर डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराकडे धावतो. तोही सांगतो की आता उपाय नाही, उरलेला वेळ तिच्याजवळ बस.

आणि मग मेफिस्टो येतो. मेफिस्टो म्हणजे या कॉमिक्समधला सैतान. तो आत्मा मागत नाही. तो म्हणतो, चाचीचा जीव वाचवतो, मला तुमचे लग्न द्या. ते झालेच नव्हते असे होईल. तुम्हा दोघांनाही आठवणार नाही, फक्त मनाच्या तळाशी कुठेतरी काहीतरी हरवल्याची कळ राहील आणि ती मी ऐकत राहीन. पुढे कधीतरी होऊ शकली असती ती मुलगीही तो त्यांना दाखवतो. नवरा-बायको रात्रभर विचार करतात आणि हो म्हणतात. सकाळी चाची ठणठणीत असते. पीटर तिच्या घरी एकटा जागा होतो.

हा शेवट वाचून जगभरचे वाचक चिडले. त्यांनी चिडण्याची कारणे वेगळी असतील. पण मुसलमान वाचकाला इथे दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. सूरह बकराच्या १०२ व्या आयतीत बाबिलमधल्या हारूत आणि मारूत यांचा उल्लेख आहे. लोक त्यांच्याकडून जे शिकत, त्यांत एका गोष्टीचे नाव घेऊन सांगितले आहे: नवरा-बायकोत ताटातूट पाडणे. आणि सहीह मुस्लिममधल्या हदीसनुसार इब्लीस आपल्या चेल्यांना कामगिरीवर पाठवतो. एकेक जण येऊन आपला पराक्रम सांगतो, इब्लीस कुणालाच दाद देत नाही. पण जो नवरा-बायकोत फूट पाडून येतो त्याला तो जवळ घेतो. खून, चोरी, लढाया हे सगळे सोडून सैतानाला घर मोडण्यात इतका रस का? कारण घर मोडले की बाकीचे आपोआप होते. न्यूयॉर्कमधल्या एका कॉमिक्स कंपनीने हे कळत-नकळत अचूक रंगवले. फक्त तिने हा सौदा आपल्या हिरोला करू दिला.

आठवीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली आणि विचारले, ‘तुम्ही काय केले असते?’ पुष्कळ हात वर झाले. जीव महत्त्वाचा, लग्न काय पुन्हा करता येते, असे मुलगे म्हणाले. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘टीचर, चाचीला विचारलं का?’ वर्ग शांत झाला. खरेच, ज्या चाचीसाठी सगळे चालले होते तिचे मत कुणी घेतलेच नव्हते. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘ती नाहीच म्हणाली असती. ती म्हणाली असती, माझं वय झालं, मला जाऊ दे, तुम्ही नीट राहा.’ आपल्या घरातली कोणती नानी-दादी याहून वेगळे म्हणेल? पीटरला वाटले की तो चाचीवरच्या मायेपोटी हे करतो आहे. पण तिच्या जाण्याचे दुःख आपल्याला सोसणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

तास संपल्यावर एक मुलगा जवळ आला. हळूच म्हणाला, ‘अब्बू आजारी होते तेव्हा आम्हीपण एका बाबाकडे गेलो होतो.’ अम्मीच्या बांगड्या गेल्या, वर उसने पैसे घेतले. मधल्या काळात सरकारी दवाखान्यातले औषध बंद ठेवले, कारण बाबाने तसे सांगितले होते. अब्बू गेले. उधारी अजून फिटते आहे.

म्हणून या गोष्टीला मी नुसती चित्रांची गोष्ट म्हणत नाही. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेली बाबा-बंगालींची कागदे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. धंद्यात बरकत, मनासारखे लग्न, नवरा-बायकोतले भांडण, जुने दुखणे, सगळ्यावर काही तासांत इलाज. खाली फोन नंबर. मेफिस्टोला शिंगे असतात, त्याला ओळखणे सोपे. आमिलाच्या खोलीत तर भिंतीवर आयती टांगलेल्या असतात, अगरबत्ती जळत असते आणि तो आपल्याला बेटी म्हणतो. अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. कायदा आपल्या बाजूला आहे. पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईला कायदा आठवत नाही. तिला आधी कधीतरी घरात ऐकलेली गोष्ट आठवते.

मग तिला कोणती गोष्ट आठवावी? पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. रडणे सब्रच्या विरुद्ध नाही, हे त्या अश्रूंनी शिकवले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीम गेला म्हणून सूर्यही काळवंडला. शोकातल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते. पण त्यांनी लगेच सांगितले की कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही. स्वतःच्या सर्वांत दुःखाच्या दिवशीही त्यांनी खोट्या समजुतीचा आधार घेतला नाही. आजारावर औषध घ्या, ही त्यांचीच शिकवण. दवा करायची, दुआ करायची, शेवटपर्यंत धडपडायचे. आणि इतके करूनही माणूस गेला तर रडायचे, जनाजाची नमाज पढायची, मागे राहिलेल्यांना धरून ठेवायचे. पीटरला डॉक्टर स्ट्रेंजने हेच सुचवले होते: तिच्याजवळ बस.

‘वन मोअर डे’च्या मागे आणखी एक सौदा आहे, तोही मुलांना सांगण्यासारखा आहे. कंपनीचे मुख्य संपादक जो केसाडा यांचे मत होते की विवाहित स्पायडर-मॅन प्रौढ वाटतो, अविवाहित असला की नव्या गोष्टी लिहायला सोपे जाते. तलाक दाखवला तर तो आणखीच थोराड वाटेल. म्हणून लग्नच पुसायचे ठरले. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांना शेवट पटला नव्हता, हे त्यांनी उघडपणे सांगितले. म्हणजे सैतान कागदावर होता, हिशेब मात्र कार्यालयातला होता. मुलांच्या हातात येणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी काही विकण्यासाठी तयार केलेली असते, हे आठवी-नववीच्या मुलाला चांगले कळते. त्याला तेवढे मोठे समजायला हरकत नाही.

याच हिरोचा २०२१ मधला ‘नो वे होम’ हा चित्रपट बहुतेक मुलांनी पाहिला आहे. त्यातही पीटर आधी स्वतःच्या सोयीसाठी जादू मागतो आणि सगळे बिघडते. पण तिथे आंट मे मरते आणि तो ते बदलू पाहत नाही. शेवटी जग वाचावे म्हणून सगळ्यांनी आपल्याला विसरावे, हे तो स्वतः मागून घेतो. जादू तिथेही आहे, आणि आपल्यासाठी जादूचा दरवाजा बंदच आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. तरीही दोन गोष्टींतला फरक मुले चटकन पकडतात. एकात माणूस दुःख टाळण्यासाठी घर विकतो. दुसऱ्यात तो दुःख स्वीकारतो आणि भरपाई स्वतः करतो.

तेव्हा पुस्तक हिसकावण्याआधी एकदा मुलाशेजारी बसून ते चाळा. ‘स्पॉन’सारखी मोठ्यांसाठी लिहिलेली, रक्ताने माखलेली कॉमिक्स लहानांच्या हातात नकोतच, तिथे सरळ नाही म्हणा आणि कारण सांगा. बाकीच्यांसाठी तीन प्रश्न पुरतात. त्याने काय मागितले? कुणाकडे मागितले? आणि किंमत कुणी मोजली? मुलगा आधी खांदे उडवेल, ‘अम्मी, तुला नाही कळणार’ म्हणेल. रात्रीच्या जेवणाला पुन्हा विचारा. दोन-तीन वेळा झाले की तोच वाचता वाचता हे प्रश्न विचारू लागेल.

सूरह इब्राहीमच्या २२ व्या आयतीत कयामतच्या दिवशी सैतान आपल्या मागे गेलेल्यांना सांगतो की माझा तुमच्यावर काही जोर नव्हता, मी फक्त बोलावले, तुम्ही आलात, आता मला दोष देऊ नका. झटपट पैशाचे अॅप, परीक्षेच्या आदल्या रात्री विकला जाणारा पेपर, दुःखावर हमखास इलाज सांगणारा बाबा, यांतले कुणीच आपल्या मुलाला हात धरून ओढणार नाही. ते फक्त बोलावतील. त्या दिवशी आपण शेजारी नसू. तेव्हा निदान तो तिसरा प्रश्न त्याच्या तोंडी यावा: हे मिळेल खरे, पण किंमत कोण मोजणार?