पोरांनी बीचवर जावं. पण निघण्याआधी घरच्यांनी हे वाचावं.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका मुलाने मेलबर्नजवळच्या बीचवरचे चार फोटो टाकले. रविवारचा दिवस, सोबत तीन-चार मित्र, मागे निळं पाणी. खाली कमेंटा काय? "बापाने वावर गहाण टाकलं अन् भाऊ समुद्रावर!" "शिकायला गेला का फिरायला?" त्याला हसणाऱ्या इमोजी देणाऱ्यांत चांगली शिकली-सवरलेली मंडळी होती.

आधी या कमेंटांवर बोलतो, मग खऱ्या काळजीवर. कारण आपण काळजी करतोय, पण चुकीच्या गोष्टीची.

ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या मुलाला कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. तिथला राहण्याचा वर्षाचा खर्च म्हणून २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, हा २०२४ च्या मे महिन्यापासूनचा नियम. व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून एकदम १६०० केली आणि जुलै २०२५ मध्ये २०००. म्हणजे पोरगं विमानात बसायच्या आधीच घर मोकळं झालेलं असतं. तिथे गेल्यावर एका खोलीत दोघं-तिघं, रात्रपाळी, सकाळी लेक्चर. अशा मुलाने रविवारी सिनेमा आणि हॉटेल करायचं म्हटलं तर खिसा फाटतो. बीचला तिकीट नसतं. सिडनीत तर वीकेंडला दिवसभराच्या बस-ट्रेनच्या भाड्याला ठरावीक मर्यादा आहे, तेवढे पैसे कापले की पुढचा प्रवास फुकट. आपली बरीच पोरं राहतात पॅरामाटा, हॅरिस पार्कच्या बाजूला. तिथून ट्रेनने बाँडाय जंक्शन, पुढे बस, डब्यात घरून केलेली पोळी-भाजी. त्या महागड्या देशातली ही सगळ्यात स्वस्त करमणूक आहे. आठवडाभर खोलीत कुढत बसलेल्या मुलापेक्षा रविवारी चार मित्रांत हसणारा मुलगा मला बरा वाटतो. तुम्हालाही वाटायला पाहिजे.

आता खरी काळजी.

४ जून २०२४ ही तारीख आपल्याकडे लोकसभेच्या निकालाची म्हणून लक्षात आहे. त्याच दिवशी रशियातल्या वेलिकी नोवगोरोद शहरात वोल्खोव नदीच्या काठी फिरायला गेलेले चार भारतीय विद्यार्थी बुडून गेले. डॉक्टर व्हायला गेलेली पोरं होती, विशीच्या आतबाहेरची. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. पाचवी मुलगी कशीबशी वाचली. एक मुलगी काठापासून थोडी आत गेली, ओढली गेली, आणि तिला काढायला बाकीचे एकामागून एक गेले, असं तेव्हा सांगितलं गेलं. एकाचा घरच्यांशी व्हिडिओ कॉल चालू होता. घरचे इकडून ओरडून सांगत होते, बाहेर या, बाहेर या.

या बातमीनंतर आपण काय शिकलो? आठ दिवस हळहळलो आणि निकालाच्या चर्चेला लागलो. जाणाऱ्या मुलांना आजही फोनवर एकच सांगतो, "पाण्यात जाऊ नको रे." हे सांगणं प्रेमाचं आहे, पण उपयोगाचं नाही. वीस-बावीस वर्षांचं पोरगं मित्रांसोबत समुद्रावर जाणार आणि पाण्यात पाय घालणारच. त्याला पाणी कसं वागतं ते कुणी सांगितलंय का, प्रश्न तो आहे.

आपण खान्देशातली माणसं. आपलं पोहणं म्हणजे विहीर. पाठीला डबा बांधून काकाने ढकललं की आलं पोहता. तेही मुलांना, मुलींना विहिरीवर कोण जाऊ देतं? पण विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. समुद्राचं तसं नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत निघून जातं. त्याला रिप करंट म्हणतात. वाईट गोष्ट अशी की वरून तीच जागा सगळ्यात शांत दिसते. आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटतात आणि मधला पट्टा गडद, सपाट. नवखा माणूस म्हणतो, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू.

बाँडाय बीचच्या दक्षिण टोकाला असा एक कायमचा करंट आहे. तिथले जीवरक्षक त्याला 'बॅकपॅकर्स एक्स्प्रेस' म्हणतात, कारण बसमधून उतरलेले नवखे पाहुणे सरळ तिथेच पाण्यात शिरतात.

आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही फुशारकी मारू नये. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट समुद्रात डुबक्या मारण्याचे शौकीन होते. १७ डिसेंबर १९६७ ला, रविवारी, चेविअट बीचवर पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत. मृतदेहही सापडला नाही. देशाच्या पंतप्रधानाला न सोडणारं पाणी आपल्या पोराला ओळख दाखवेल का? जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नपासून दोन तासांवरच्या फिलिप आयलंडला फॉरेस्ट केव्ह्ज नावाच्या जागी एकाच कुटुंबातले चार भारतीय गेले. तिथे जीवरक्षक नेमलेले नव्हते.

म्हणून चार गोष्टी लिहितो. कापून ठेवा, पुढे पाठवा.

एक. ऑस्ट्रेलियात जीवरक्षक असलेल्या बीचवर लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात. दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. झेंडे नसतील तर फोटो काढा, वाळूत बसा, पाण्यात उतरू नका. त्या देशात दहा हजारांवर बीच आहेत आणि जीवरक्षक फार थोड्यांवर. कुठे आहेत ते 'बीचसेफ' या मोफत ॲपवर दिसतं.

दोन. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे उलटं पोहू नका. दम तिथेच संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करा, हाक मारा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात त्या बाजूला सरका.

तीन. मित्र बुडतोय म्हणून रिकाम्या हाताने उडी मारू नका. रिंग, बोर्ड, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि मदत बोलवा. ऑस्ट्रेलियात नंबर ०००. वोल्खोवच्या काठी जे झालं ते याच ठिकाणी झालं.

चार. जीन्स घालून पाण्यात जाऊ नका. भिजली की ती अंगाला जखडते.

कुणी म्हणेल, हे शिकवायची जबाबदारी तिकडच्यांची. तिकडे सांगतात. पण आपल्याकडचे परदेशी शिक्षणाचे सल्लागार हॉटेलात सेमिनार घेतात, आयईएलटीएस, लोन, विमा, सगळं समजावतात. त्यात दहा मिनिटं पाण्यासाठी द्यायला काय जातं? पोराला व्हिसा मिळाला की आपण शाल-श्रीफळ देतो, चौकात बॅनर लावतो. विमानाला महिनाभर असतो. त्या महिन्यात मुलाला आणि मुलीलाही जिल्ह्याच्या गावी तरण तलावावर पाठवा. पट्टीचं पोहणं नाही आलं तरी चालेल, तरंगायला यावं.

आणि हे फक्त परदेशाचं नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं गेली. गोव्याच्या बीचवरही झेंडे असतात. आपल्यातल्या किती जणांनी ते बघितलेत, प्रामाणिकपणे सांगा.

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना विनंती. पुढच्या शनिवारी पोराने फोनवर सांगितलं की उद्या बीचवर चाललोय, तर रागावू नका. "तिथे झेंडे आहेत का?" एवढं विचारा. त्याला उत्तर माहीत नसेल तर ही पोस्ट त्याला पाठवा.