ओसरीवरून : पंक्तिप्रपंच

गेल्या आषाढांतील गोष्ट. आमचे वडील बंधू, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, त्यांना रक्तदाबाचें जुनें दुखणें आहे व त्यांचे डॉक्टर नागपुरास असतात. ऐन पावसांत शहात्तर वर्षांच्या मनुष्यानें चंद्रपुराहून नागपूरपर्यंत जावें हें कोणासच रुचेना. म्हणून डॉक्टरांनीं व्हिडिओवरूनच त्यांची विचारपूस केली. बोलणें संपतां संपतां त्यांनीं औषधाचें प्रमाण बदलून सांगितलें आणि नेमका मधला एक शब्द तुटला. "आजपासून" आणि "गोळी रात्रीं" एवढेंच वहिनींच्या कानीं आलें. त्यांनीं सरळ अर्थ घेऊन अख्खी गोळी दिली. चौथ्या दिवशीं देवघरांतून उठतांना दादांना भोंवळ आली. पुन्हां चौकशी करतां कळलें कीं, तुटलेला शब्द "अर्धी" हा होता. ईश्वरकृपेनें त्यापुढें कांहीं झालें नाहीं.

हा शब्द कोणीं गिळला? दादांची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिनें दुसऱ्याच दिवशीं अपराधी शोधून काढला. त्या वेळीं माडीवर आमचे धाकटे चिरंजीव नातू एका लग्नाचीं तीनचारशें छायाचित्रें कोठें तरी पाठवीत बसले होते. घरांत माणसें चौदा आणि इंटरनेटची जोडणी एक! "पण त्याचीं चित्रें आणि डॉक्टरांचा शब्द यांची गांठ पडलीच कोठें?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "रांगेंत, आजोबा." मग तिनें मला जें शिकविलें, तेंच आज वाचकांपुढें ठेवतों. चाळीस वर्षें शिकविण्यांत गेलीं. आतां शिकण्याची पाळी माझी आहे.

आपला आवाज तारेंतून अखंड धारेनें जात नाहीं. यंत्र त्याच्या लहान लहान पुड्या बांधतें. दूरध्वनीच्या एका रूढ पद्धतींत एका सेकंदाच्या बोलण्याच्या ५० पुड्या होतात व प्रत्येकींत १६० बाइट आवाज असतो. छायाचित्रांच्या पुड्या मोठ्या, सामान्यतः १,५०० बाइटपर्यंतच्या. या साऱ्या पुड्या ज्या पेटींत एकत्र येतात ती पेटी घरांतील राउटर असो वा कचेरींतील स्विच असो, बाहेर जाण्याची वाट मोकळी होईपर्यंत पुड्यांना तिच्या पोटांत थांबावें लागतें. ही वाट सेकंदाला २० लाख बिट नेणारी धरिली, तर एक मोठी पुडी बाहेर पडण्यास सेकंदाचे ६ सहस्रांश लागतात. हें कांहींच नव्हे असें वाटेल. परंतु अशा शंभर पुड्या आधींच उभ्या असल्या, तर त्यांच्या मागें आलेल्या आवाजाच्या चिमुकल्या पुडीस ६०० सहस्रांश, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही अधिक, तिष्ठावें लागतें. उलट, बोलणें सुरळीत चालावयाचें तर आवाज एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास १५० सहस्रांशांत पोंचावा, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें सांगणें आहे. उशिरां आलेली पुडी ऐकणारें यंत्र फेकून देतें, कारण बोलणें तोंवर पुढें गेलेलें असतें. आणि रांग भरली कीं नव्यानें आलेल्या पुडीस दाराशींच टाकून देण्यांत येतें. छायाचित्राची टाकलेली पुडी पुन्हां मागवितां येते. उच्चारलेल्या "अर्धी"च्या वीसएक पुड्या पुन्हां कोण मागविणार?

जो आधीं आला त्याला आधीं, हा न्याय वरवर निर्दोष दिसतो. आपल्याकडे पंगतींत भेदभाव करणें हा मोठा दोष समजतात. त्याला पंक्तिप्रपंच असें खास नांवच आहे. मीं नातीस तसें म्हणतांच ती हंसली आणि म्हणाली, "स्विचला तोच मुद्दाम शिकवावा लागतो." इंग्रजींत त्यास क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. एका रांगेऐवजीं चार किंवा आठ रांगा करावयाच्या, पुडीवरील खूण पाहून तिला योग्य त्या रांगेंत उभें करावयाचें, आणि कोणत्या रांगेंतून केव्हां उचलावयाचें याचा नियम ठरवावयाचा. पुडीच्या वेष्टनावर या खुणेसाठीं ३ बिटांची जागा असते, म्हणून ० पासून ७ पर्यंत आठ प्रती होतात. आंतील पत्त्याच्या भागांत ६ बिटांची आणखी एक खूण असते; तिची व्यवस्था १९९८ च्या डिसेंबरांत ठरली व तिच्या ६४ किंमतींपैकीं ४६ ही बहुधा आवाजासाठीं वापरतात.

सर्वांत सोपा नियम हा कीं, वरची रांग रिकामी झाल्याखेरीज खालच्या रांगेकडे पाहावयाचेंच नाहीं. बल्लारशाच्या बाजूनें ज्यानें प्रवास केला आहे त्याला हें सांगणें नको. भांदक किंवा ताडाळीस कोळशाची मालगाडी बाजूच्या रुळावर उभी असते आणि दिल्ली-चेन्नईची जलद गाडी धडधडत निघून जाते. मात्र मालगाडी एकदां पुढच्या टप्प्यांत शिरली, तर जलद गाडीलाही थांबावें लागतें. पुडीचेंही तसेंच आहे. अर्धी बाहेर पडलेली पुडी सामान्यतः मागें ओढीत नाहींत. म्हणजे आमच्या हिशेबानें आवाजास फार तर त्या एका पुडीचे ६ सहस्रांश थांबावें लागेल. ६०० चे ६ झाले!

येथवर मी खूष होतों. वहिनी तांदूळ निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, वरची रांग रिकामी झालीच नाहीं तर?" या स्थितीस यंत्रशास्त्रांत उपासमार असाच शब्द आहे, हें नातीनें सांगितलें तेव्हां मी चपापलों. आमच्या लहानपणीं घरांत पंगतींचा क्रम ठरलेला होता. आधीं पाहुणे, मग पुरुष, मग मुलें, आणि सर्वांच्या मागून आई व काकू. सणावारीं पहिली पंगत उठतां उठतां आणखी दोघे येत. त्यांच्यासाठीं पुन्हां पानें मांडलीं जात. आई केव्हां जेवली, पातेल्यांत काय उरलें होतें, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. नियम कोणींच मोडला नव्हता. प्रत्येक पान नियमाप्रमाणेंच वाढलें गेलें होतें. कोळशाची गाडीही कायमची बाजूच्या रुळावर ठेवली, तर जलद गाडीला लागणारी वीज तरी कोठून येणार?

यावर तोड अशी काढली आहे कीं, वरच्या रांगेला मर्यादा घालावयाची आणि बाकीच्यांना पाळीपाळीनें, परंतु वजन पाहून वाढावयाचें : एका फेरींत पहिल्या रांगेस तीन डाव, दुसरीस दोन, तिसरीस एक. एक डाव कां होईना, पण तो चुकत नाहीं. या विचाराचा इतिहासही मनोरंजक आहे. १९८५ सालीं जॉन नेगल यांनीं सुचविलें कीं, प्रत्येक पाठविणाऱ्याची रांग वेगळी करावी व पाळीनें एकेक पुडी उचलावी. म्हणजे हावरटाची रांग त्याच्याच अंगणांत वाढेल. परंतु त्यांत मोठी पुडी बांधणारा फायद्यांत राही. १९८९ सालीं डेमर्स, शेंकर आणि आपले श्रीनिवासन केशव यांनीं पुड्यांऐवजीं बिट मोजून ही खोड काढून टाकली. वाटीचा आकार पाहून वाढण्यासारखेंच हें झालें.

आतां खुणेविषयीं. पुडीवर "तातडीचें" असें कोणीही लिहूं शकतो, आणि लिहितोही. जुन्या तारखात्यांत जादा पैसे भरणाऱ्याची अर्जंट तार आधीं जाई. ती तारसेवाच जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पैसे घेऊन वाट आधीं मोकळी करावी काय, हा वाद इंटरनेटच्या बाबतींतही पेटला होता. फेब्रुवारी २०१६ मध्यें आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मजकूर पाहून वेगळाले दर लावण्यास मनाई केली, आणि २०१८ सालीं सरकारनें भेदभावाविरुद्धचें तत्त्व मान्य करतांना कांहीं विशेष सेवांपुरती मोकळीक ठेवली. माझें मत विचाराल तर, घरधन्यानें आपल्या घरांत आजाऱ्यास आधीं वाढणें निराळें आणि आचाऱ्यानें दक्षिणा पाहून वाढणें निराळें. शिवाय आपल्या घरची खूण उंबऱ्याबाहेर कोणी मानीलच असें नाहीं. बहुधा मानीत नाहींत.

हें सारें शहरी घरचें कौतुक वाटूं नये म्हणून भामरागडाकडे पाहावें. पर्लकोटेला पूर आला कीं तालुक्याचा रस्ता तुटतो. अशा वेळीं जी काय जोडणी शिल्लक असेल तिच्यावरच पंचायतीचे दाखले, शाळेचे धडे आणि ई-संजीवनीवरील डॉक्टरांचा सल्ला यांची गर्दी होणार. तेथें रांगा कोणीं व कशा लावल्या, हा प्रश्न अडलेल्या बाळंतिणीचा असूं शकतो. मात्र रांग लावल्यानें वाट जवळ होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. तार पोंचत नाहीं अशा दुर्गम ग्रामपंचायतींना भारतनेट योजनेंत उपग्रहानें जोडण्याची सोय आहे. तसा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असला, तर वर जाऊन खालीं येण्यासच आवाजाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. हा उशीर कोणत्याही स्विचला कमी करतां येणार नाहीं. तेथें डॉक्टरांनींच सावकाश बोलावें आणि औषधाचें प्रमाण दोनदां म्हणवून घ्यावें.

आमच्या घरीं आतां चार रांगा आहेत. पहिली बोलण्याची, मर्यादा घातलेली. शेवटची छायाचित्रांची, पण तिचा डाव राखून ठेवलेला. मध्यंतरीं चिरंजीवांनीं आपल्या खेळाच्या पुड्यांवर सर्वांत वरची खूण चिकटविण्याची युक्ति शोधली होती. नातीनें त्याच्या यंत्राकडून येणारी प्रत्येक खूण पेटीच्या दाराशींच पुसण्याची व्यवस्था केली. तो दोन दिवस तिच्याशीं बोलला नाहीं. दादांची गोळी अर्धीच चालू आहे. मागील रविवारीं वहिनींचें पान पहिल्या पंगतीला मांडलें होतें आणि वाढावयास मी होतों. मीठ वाढावयाचें राहिलें, हें त्यांनीं मला दोनदां सांगितलें.